‘डर्थ’ या शब्दाचें मर्म

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांस ‘डर्थ’ या शब्दाचा अर्थ विचारला कीं ‘टंचाई’ असें उत्तर येतें. हें आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें ऐकिलें आहे. उत्तर चूक नाहीं. परंतु तेवढ्यानें शब्दाचें मर्म हातीं लागत नाहीं.

पत्रारंभीं ज्या ‘डिअर’नें आपण संबोधितों, त्यापासूनच हा शब्द झाला. ‘डिअर’ म्हणजे प्रिय, तसेंच महागही. ‘वॉर्म’पासून ‘वॉर्म्थ’, तसा ‘डिअर’पासून ‘डर्थ’. संस्कृतांतील ‘ता’ प्रत्ययाप्रमाणेंच ही भाववाचक नामाची घडण आहे. अर्थात् मूळ अर्थ महर्घता! आपला ‘महाग’ हाही ‘महार्घ’ म्हणजे मोठ्या मोलाचा, यापासूनच आला. धान्य दुर्मिळ झालें कीं महागतें. म्हणून पुढें या शब्दास टंचाईचा अर्थ चिकटला. आज तर ‘पुराव्यांची डर्थ’ असेंही लिहितात, आणि त्यांतलें मोल कोणाच्याही ध्यानीं येत नाहीं.

अन्नाच्या बाबतींत मात्र हें विस्मरण घातक होय. इंग्लंडांत १५८७ सालीं एलिझाबेथ राणीच्या सरकारनें ‘डर्थ’च्या निवारणार्थ न्यायाधिकाऱ्यांस खासगी कोठारें तपासून धान्य बाजारांत आणविण्याची आज्ञा केली. कोठार भरलेलें असूनही गरिबाच्या घरीं डर्थ असूं शकते, हें त्यांस ठाऊक होतें. बंगालमध्यें १९४३ सालीं लक्षावधि माणसें मेलीं. त्या वर्षीं उपलब्ध धान्य १९४१ पेक्षां कमी नव्हतें. भात महागला आणि मजुरास तो घेतां येईना, असें अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें.

महाराष्ट्रांतील १९७२ चा दुष्काळ आम्हीं बालपणीं पाहिला. शेतें करपलीं होतीं. पण खडी फोडण्याच्या कामावर लक्षावधि स्त्रीपुरुषांस मजुरी मिळाली, आणि त्या पैशांनीं तांबडी मिलो तरी घरीं येऊं लागली. हाल पुष्कळ झाले, परंतु बंगालसारखा संहार टळला.

आपल्या पूर्वजांनीं दुष्काळास ‘दुर्भिक्ष’, म्हणजे जेव्हां भिक्षाही मिळणें कठीण, असें नांव दिलें. शेतांत काय पिकलें यापेक्षां हातांत काय पडलें, हेंच त्यांनीं पाहिलें. म्हणून सुज्ञ वाचकांनीं टंचाईची वार्ता ऐकतांच धान्य किती आहे एवढेंच विचारूं नये. भाव काय आहे, आणि तो कोणास परवडत नाहीं, हेंही अवश्य विचारावें.