चार सेकंदांचं कोडं

यंदाची उन्हाळ्याची सुट्टी मी लखनौला काढली. माझे बाबा लष्कराच्या ईएमई कोरमध्ये हवालदार आहेत आणि सध्या त्यांचं पोस्टिंग लखनौ छावणीत आहे. मे महिन्यात तिथला पारा ४० अंशांच्या वर जातो, दुपारी लू वाहते आणि बाहेर पडायची सोय राहत नाही. त्यामुळे सुट्टी बरीचशी घरातच गेली, आणि त्यातले नऊ दिवस एका कॉम्प्युटरमागे गेले. त्या नऊ दिवसांत जे शिकायला मिळालं ते आपल्या कॉम्प्युटर लॅबमध्येही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

कॉम्प्युटर ताईसाठी होता. बीसीए झाल्यावर तिला पहिली नोकरी लागली होती. काम घरूनच करायचं होतं, पण १ जूनपासून रोज सकाळी ९ च्या ठोक्याला ऑनलाइन हजर राहायचं होतं. तिचा जुना लॅपटॉप त्या कामाला पुरणारा नव्हता. सुटे भाग आणून घरी जोडले तर त्याच पैशांत चांगला प्रोसेसर मिळतो, असा आम्ही दोघांनी हिशोब केला. मुंबईत जसा लॅमिंग्टन रोड, तसं लखनौत नाझा मार्केट. तिथून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमच्या दोन पट्ट्या, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट आणलं. मॉनिटर जुनाच वापरायचा होता. सगळे मिळून ३१ हजार रुपये झाले. हे पैसे ताईने दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले होते.

पुस्तिका समोर ठेवून आम्ही एका रविवारी सगळं जोडलं. कॅबिनेट टेबलावर आडवं होतं. पहिल्याच झटक्यात कॉम्प्युटर चालू झाला, विंडोज चढलं, सगळं ठीक. रात्री झाकण लावून तो टेबलाखाली उभा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला.

बटण दाबलं की पंखे फिरत, दिवे लागत आणि काही क्षणांत सगळं बंद. पुन्हा दाबलं तर कधी काहीच होत नसे, तर कधी लगेच चालू होई. एखादी थाप मारली तरी चालू होई. आणि एकदा चालू झाला की रात्रीपर्यंत बिनतक्रार चाले. यंत्र पूर्ण बंद पडलं तर निदान दुकानात नेऊन दाखवता येतं. कधी चालणारं, कधी न चालणारं यंत्र मात्र फार छळतं, कारण त्याच्यावर विसंबताही येत नाही आणि त्याला नावही ठेवता येत नाही. दुकानदाराने भाग बदलून द्यायची मुदत दहा दिवसांची दिली होती. पण बदलून घ्यायचा कुठला?

सल्ले भरपूर मिळाले. शेजारचे काका म्हणाले, एसएमपीएस बदला. ताईची मैत्रीण म्हणाली, रॅमच्या पट्टीवरचे पिवळे संपर्क खोडरबराने घासा. आणखी कुणी म्हणालं, पोरांनी घरी जोडला, मग असंच होणार. हे शेवटचं मला आणि ताईला फार लागलं.

संध्याकाळी बाबा घरी आले. त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "काल तो किती वेळा चालू केलात? त्यातला किती वेळा बंद पडला?" आम्हाला सांगता येईना. मग ते म्हणाले, "आधी वही घाला. तारीख, वेळ, काय बदललं आणि काय झालं, एवढंच लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि एकदा चालू झाला म्हणून नाचायचं नाही, दहा वेळा चालू-बंद करून बघायचं." त्यांच्या वर्कशॉपमध्ये असंच काम चालतं.

पुढचं कळण्यासाठी बटण दाबल्यावर आत काय होतं ते थोडक्यात सांगतो. पूर्वीच्या कॉम्प्युटरचं बटण थेट वीज जोडायचं आणि तोडायचं. इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाची रचना आणली. तेव्हापासून बटण मदरबोर्डला फक्त निरोप देतं. कॉम्प्युटर बंद असला तरी प्लगमधली वीज चालू असेपर्यंत एसएमपीएस ५ व्होल्टची एक बारीक धार मदरबोर्डला देत राहतो, रात्रपाळीच्या संतरीसारखी. बटणाचा निरोप मिळाला की मदरबोर्ड एसएमपीएसला हुकूम देतो. मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे सुरू होतात. ते स्थिर झाले की एसएमपीएस 'सब ठीक' अशी खूण परत पाठवतो. त्यानंतरच प्रोसेसर जागा होतो आणि रॅम, कीबोर्ड, डिस्क अशी सगळ्यांची हजेरी घेतो. या हजेरीत कुणी गैरहजर असेल तर आमच्या मदरबोर्डवर त्या नावाचा छोटा दिवा पेटून राहतो. आमच्याकडे कुठलाच दिवा पेटून राहत नव्हता. हजेरी संपायच्या आतच परेड बरखास्त होत होती.

वहीतली पहिली नोंद विजेची होती. दुपारी सगळ्या क्वार्टरमध्ये कूलर चालू असतात आणि व्होल्टेज उतरतं. बाबांच्या मल्टिमीटरवर सकाळी २३१ आणि दुपारी २०८ आलं. कॉम्प्युटरही दुपारीच जास्त अडत होता, त्यामुळे चोर सापडला असं वाटलं. पण एसएमपीएसवर २०० ते २४० व्होल्ट छापलेलं होतं, म्हणजे २०८ चालायला हवं होतं. शिवाय सकाळी २३१ असतानाही तो दहातून दोनदा बंद पडला. वीज सुटली.

दुसरी चाचणी रॅमची. कॅबिनेट टेबलावर आडवं केलं, झाकण काढलं, एक पट्टी काढून ठेवली. दहापैकी दहा वेळा चालू! ताईने टाळी वाजवली. पण बाबांचा नियम असा, की दुरुस्त झालं असं वाटलं तर जुनी स्थिती परत आणायची आणि दोष परत येतो का ते बघायचं. आम्ही काढलेली पट्टी पुन्हा लावली. पुन्हा दहापैकी दहा. म्हणजे पट्टीचा काही संबंध नव्हता. त्या दिवशी आम्ही खोडरबर फिरवलं असतं, तर सगळं श्रेय खोडरबराला गेलं असतं. झाकण लावून तो टेबलाखाली उभा केला, की दहापैकी सहाच वेळा चालू झाला.

आठव्या दिवशी रिक्षात घालून तो दुकानात नेला. दुकानदाराने काउंटरवर आडवा ठेवून पाच-सहा वेळा चालू केला. एकदाही अडला नाही. "भैया, इसमें तो कोई ख़राबी नहीं है," तो अगदी नम्रपणे म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. पण मुदतीचे दोनच दिवस उरले होते आणि १ जून जवळ येत होता.

घरी येऊन ताईने वही उघडली. चालतो तेव्हा कॅबिनेट उघडं, आडवं आणि टेबलावर असतं. अडतो तेव्हा बंद, उभं आणि टेबलाखाली असतं. फरक तीन होते, ते एकेक करून तपासले. झाकण लावून टेबलाखाली आडवा ठेवला, दहापैकी दहा. झाकण काढून टेबलावर उभा ठेवला, दहापैकी पाच. झाकण आणि जागा दोन्ही सुटली. दोष उभं राहण्यात होता.

मग मी मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वेळ घेतली. बंद पडायला चार सेकंद. पुन्हा घेतली, चार सेकंद. प्रत्येक वेळी चारच. सैल जोड असा वेळ पाळत नाही. तो कधी एका सेकंदात दगा देईल, कधी दहा मिनिटांनी. ठरलेल्या वेळी बंद करणारा कुणीतरी नियमाने वागत होता. ताईला एकदम आठवलं, कॉम्प्युटर अडकला की आपण बटण दाबून धरतो आणि तो बंद होतो. पुस्तिकेत तेच छापलं होतं, बटण चार सेकंदांहून जास्त दाबलं तर वीज बंद. मग बटण दाबून धरत कोण होतं?

बटण कॅबिनेटच्या माथ्यावर होतं. बटणापासून मदरबोर्डवर येणाऱ्या दोन तारा आम्ही काढल्या आणि त्या जागेच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या. उभ्या स्थितीत वीसपैकी वीस वेळा चालू! मग टॉर्च लावून बटण पाहिलं. त्याच्या खाचेत प्लास्टिकची केसाएवढी कड राहून गेली होती. आडवं असताना स्प्रिंग बटणाला बाहेर ढकलायची. उभं असताना बटण स्वतःच्या वजनाने कडेखाली अडकून राही. दुपारी ते जास्त अडकायचं, बहुधा उकाड्याने प्लास्टिक फुगत असावं. थाप मारली की ते सुटायचं, म्हणून थाप लागू पडायची.

उपाय दहा मिनिटांचा निघाला. रीसेटचं बटणही त्याच जातीचं असतं, दाबलं की दोन तारा क्षणभर जोडणारं. त्याच्या तारा आम्ही पॉवरच्या पिनांवर लावल्या. तेव्हापासून रीसेटचं बटण हेच चालू करायचं बटण आहे. रात्री वीस आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी वीस वेळा चालू-बंद केला, एकदाही अडला नाही. कॅबिनेट बदलून मिळालं असतं, पण त्यासाठी सगळं पुन्हा सोडवावं लागलं असतं. ताई नको म्हणाली. खर्च शून्य. १ जूनला नऊला पाच मिनिटं कमी असताना ती कामावर हजर होती.

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क २ या कॉम्प्युटरच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून खाली तशी नोंद केली. ती वही आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. यंत्रात अडकलेला पतंग आजही जपलेला आहे, तो त्यांनी वही ठेवली होती म्हणून.

मित्रांनो, असं काम हाती घेणार असाल तर तीन गोष्टी सांभाळा. कॅबिनेट उघडण्याआधी प्लग काढा. आतल्या भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. आणि एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर जोराचा झटका देऊ शकतात.

आपल्या लॅबमध्येही दोन-तीन कॉम्प्युटर असे आहेत, जे कधी चालतात आणि कधी चालत नाहीत. त्यांच्याशेजारी एकेक वही दोरीने बांधून ठेवावी आणि बसणाऱ्या प्रत्येकाने दोन ओळी लिहाव्यात, असं मी सरांना सुचवलं आहे. महिनाभराने त्या वह्या आपण सगळे मिळून वाचू.