इंजिनाचा नियम आणि विरीचा कारखाना

फॉर्म्युला वनवर काही लिहिलं की इथे दोनच प्रकारच्या कमेंट येतात. एक, "श्रीमंतांचे चोचले, आपल्याला काय त्याचं?" आणि दुसरी, "जुन्या इंजिनांचा आवाज काय होता राव!" आज दोघांनीही पाच मिनिटं थांबा. २०२६ पासून या शर्यतीत इंजिनाचे नियम बदललेत. कोणतं तंत्रज्ञान जगवायचं आणि कोणतं मारायचं हे टेबलाभोवती बसून कसं ठरतं, याचं इतकं उघडं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

थोडं मागे जाऊ. हायब्रिड या खेळात आलं २००९ ला, केर्स नावाने. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा साठवायची आणि बटण दाबून वापरायची. ताकद ६० किलोवॅट, म्हणजे साधारण ८० हॉर्सपॉवर, तीही एका लॅपमध्ये जेमतेम साडेसहा सेकंद. २०१० ला सगळ्या टीमनी आपसात ठरवून ते गुंडाळून ठेवलं, २०११ ला परत बाहेर काढलं. (आपल्याकडे ग्रेटर नोएडाला २०११ ते २०१३ ज्या तीन शर्यती झाल्या, त्या याच व्ही-८ अधिक केर्सच्या काळातल्या. पुढे हा खेळ की करमणूक, कर लावायचा की नाही, या घोळात ते प्रकरण मिटलं ते मिटलंच.)

खरी उडी २०१४ ची. १.६ लिटरचं व्ही-६ टर्बो इंजिन आणि सोबत दोन इलेक्ट्रिक मोटारी. एक एमजीयू-के, १२० किलोवॅटची, ब्रेकची ऊर्जा पकडणारी. दुसरी एमजीयू-एच. ही बसायची थेट टर्बोच्या दांड्यावर. सायलेन्सरमधून जो गरम धूर फुकट बाहेर जातो, त्याने टर्बो फिरतो. त्याच फिरण्यातून ही मोटार वीज काढायची. आणि ड्रायव्हरने पाय काढला की उलट काम, विजेने टर्बो फिरता ठेवायचा, म्हणजे पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळत नाही. वेग मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत. शर्यतीला पेट्रोल फक्त १०० किलो. आधीच्या गाड्या दीडशेच्या आसपास प्यायच्या.

आवाज गेला म्हणून त्या वर्षी केवढी बोंब झाली! मेलबर्नच्या आयोजकांनीच तक्रार केली. पण २०१७ मध्ये मर्सिडीजने सांगितलं की त्यांच्या कारखान्यात टेस्टिंगला हे इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी ५० टक्क्यांहून जास्त कामाला लावतंय. रस्त्यावरच्या उत्तम पेट्रोल इंजिनाची चाळिशीतच दमछाक होते. मला विचाराल तर शर्यतीच्या जगाने जगाला दाखवण्यासारखं जे काही केलं, त्यात हे सगळ्यात वर.

आणि २०२६ ला हीच एमजीयू-एच काढून टाकली.

कारण सरळ आहे. ती महाग होती आणि जमवायला भयंकर अवघड होती. होंडा २०१५ ला आली तेव्हा मॅक्लारेनची काय अवस्था झाली ते बघणाऱ्यांना आठवत असेल. मर्सिडीजने २०१४ ते २०२१ सलग आठ वेळा टीमचं विजेतेपद नेलं. अशा ठिकाणी नवीन कंपनी कशाला येईल? फोक्सवॅगन समूहातल्या ऑडी आणि पोर्शे यायला तयार होत्या, पण एमजीयू-एच नको म्हणाल्या. सांगायला कारणही होतं, रस्त्यावरच्या गाड्यांना त्याचा उपयोग नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये नवे नियम मंजूर झाले आणि त्याच महिन्यात ऑडीने प्रवेश जाहीर केला. पोर्शेची रेड बुलशी बोलणी सप्टेंबरात फिसकटली, ती आलीच नाही. गंमत पुढे आहे. २०२४ मध्ये त्याच पोर्शेने ९११ जीटीएस ही रस्त्यावरची गाडी काढली, आणि तिच्या टर्बोमध्ये धुरापासून वीज काढणारी मोटार आहे! उपयोग नव्हता म्हणे.

आता नव्या नियमात काय? पेट्रोल इंजिनाची ताकद साधारण ४०० किलोवॅटवर आणली, एमजीयू-के १२० वरून ३५० वर नेली. म्हणजे जवळजवळ अर्धी ताकद विजेची. इंधनही शाश्वत प्रकारचं. ऐकायला झकास. पण बॅटरीतून एका वेळी वापरता येणारा साठा पूर्वीइतकाच, ४ मेगाज्यूल. १२० किलोवॅटने तो वापरला तर ३३ सेकंद पुरायचा. ३५० ने वापरला की साडेअकरा सेकंदांत टाकी कोरडी. धुरातून मिळणारी वीज तर बंदच झाली. मग भरायचं कुठून? ब्रेकमधून, आणि नाही पुरलं तर पेट्रोल इंजिन जाळून. विजेचा वाटा वाढवला आणि वीज बनवण्याचा चांगला मार्ग बंद केला, हा हिशेब मला अजून पटलेला नाही. बाजूने एवढंच म्हणता येईल की ऑडी आली, फोर्ड रेड बुलबरोबर आली, आणि २०२१ अखेर सोडून गेलेली होंडा परतली. हेही थोडं नाही.

पण एक गेली, आणि आपल्याकडे तिच्याबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. पॅरिसच्या दक्षिणेला विरी-शातियों नावाचं गाव आहे. रेनॉच्या रेसिंग इंजिनांचा कारखाना तिथला. १९७७ ला फॉर्म्युला वनमध्ये पहिलं टर्बो इंजिन आणलं ते यांनी. तेव्हा लोक हसायचे, गाडीतून इतका धूर निघायचा की तिला पिवळी किटली म्हणायचे. १९७९ ला दिजाँला तीच किटली जिंकली. मग सगळ्यांनीच टर्बो लावले आणि १९८८ च्या सीझननंतर नियमाने टर्बो बंद केले! तरीही विरी टिकली. रेड बुलची २०१० ते २०१३ ची चारही विजेतेपदं तिच्याच इंजिनावर.

हायब्रिडमध्ये मात्र ती मागे पडली. त्यातच २०२२ पासून इंजिनांचा विकास गोठवण्याचा नियम आला. जो पुढे तो पुढे, मागचा मागेच. २०२३ मध्ये रेनॉने थोडी सूट मागितली, बाकीच्यांनी नाही म्हटलं. आणि २०२६ चं इंजिन बनवण्याचं काम चालू असतानाच, ३० सप्टेंबर २०२४ ला, कंपनीने निर्णय दिला की फॉर्म्युला वनचं इंजिन बनवणं बंद. हिशेब खर्चाचा. स्वतः बनवण्यापेक्षा मर्सिडीजकडून विकत घेणं स्वस्त. त्याआधी महिनाभर विरीचे कामगार इटलीत मॉन्झाच्या स्टँडमध्ये बॅनर घेऊन शांतपणे बसले होते. जगभरचे कॅमेरे तिथे होते. निर्णय काही बदलला नाही.

एमआयडीसीत कास्टिंग आणि मशिनिंग करणारे या पोस्टचे वाचक मला काय म्हणणार ते माहीत आहे. बीएस-४ वरून मधली पायरी गाळून थेट बीएस-६, १ एप्रिल २०२० पासून. तो बदल गरजेचाच होता, हवेसाठी होता. पण तारीख निदान आधी माहीत होती, आणि त्या तारखेनंतर कुणी "चला, पुन्हा जुनंच आणू" असं म्हटलं नाही.

फॉर्म्युला वनमध्ये तेच चाललंय. २०२५ मध्ये, नव्या नियमांची एकही शर्यत झालेली नसताना, जागतिक संघटनेचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलायेम यांनी आधी व्ही-१० आणि मग व्ही-८ परत आणण्याची भाषा सुरू केली. स्वस्त, हलकं, आवाजाचं. एप्रिलमध्ये बहारीनला कंपन्यांची बैठकही झाली. विजेचा वाटा मोठा म्हणून आलेल्या ऑडीने जर्मनीत न्यूबर्गला इंजिनाचा विभाग उभा केलाय, शेकडो माणसं घेतलीत. त्यांची पहिली शर्यत २०२६ ची. ती सुरू व्हायच्या आतच पुढचं इंजिन कसलं असावं याची चर्चा चालू झाली होती.