पोथ्यांचें रूपांतर

‘रूपांतर’ हा शब्द व्याकरणाच्या तासाला मीं आयुष्यभर उच्चारला. परंतु संगणकांतील चित्रांचें रूपांतर म्हणजे काय, हें निवृत्तीनंतरच समजलें. निमित्त घरांतील पोथ्यांचें. आजोबांच्या हातच्या बारा पोथ्या, सुमारें ४०० पत्रें, दोन्ही बाजू धरून ८०० चित्रें माझ्या पुतण्यानें यंत्रानें संगणकांत उतरवून घेतलीं. कागद इतका जीर्ण आहे कीं, हात लावतांच त्याचा तुकडा पडतो. पुन्हां अशीं चित्रें घेण्याचा योग बहुधा यावयाचा नाहीं.

हीं चित्रें ‘टिफ’ प्रकारचीं होतीं. हा प्रकार मोठा खर्चिक. ए-फोर आकाराचें एक रंगीत पान इंचास ३०० ठिपके या मापानें घेतलें आणि आकुंचन केलें नाहीं, तर त्यास सुमारें २६ मेगाबाइट जागा लागते. आमचीं पत्रें त्याहून आंखूड. तरी एकंदर भार १० गिगाबाइटांवर गेला. बंधु पुण्यास, भगिनी इंदुरास, चिरंजीव परदेशीं. सर्वांस पोथ्या हव्या. तेव्हां सगळ्यांचें ‘जेपेग’ करून मूळ प्रती पुसून टाकाव्या, अशी सूचना तरुण मंडळींनीं केली. तिला मीं साफ नकार दिला.

जेपेग ही पद्धति १९९२ सालीं प्रमाण ठरली. ती चित्राचे आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्यांस सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देते. लग्नांतील छायाचित्रास हें खुशाल चालतें. शालूचा रंग तिळभर इकडे-तिकडे झाला तर कोण तक्रार करणार? अक्षराची गोष्ट निराळी. शाईची कड जेथें कागदास मिळते, नेमकी तेथेंच ही पद्धति अडखळते. आकुंचन फार केलें कीं कडेभोंवतीं धुरकट डाग उठतात. आणि आमच्या पोथ्यांतील अनुस्वार म्हणजे सुईच्या अग्राएवढा बिंदु! तो त्या डागांत बुडाला कीं ‘रामं’चें ‘राम’ झालें; द्वितीया गेली आणि संबोधन उभें राहिलें.

“काका, मागाहून जेपेगचें पुन्हां टिफ करूं कीं,” पुतण्या म्हणाला. येथेंच पुष्कळांची फसगत होते. ताकाचें दूध होत नाहीं. तसें केल्यानें फाइल फुगते मात्र. टाकलेला बारकावा परत येत नाहीं. १९९६ सालच्या ‘पीएनजी’ प्रकारांत आकुंचन होऊनहि कांहीं हरवत नाहीं, परंतु त्याचाहि भार आमच्या कामास अधिकच होता.

आठशें चित्रें एकेक उघडून बदलणें हें कांहीं माणसाचें काम नव्हे. ‘इमेजमॅजिक’ नांवाचें फुकट मिळणारें साधन एका ओळीच्या आज्ञेनें सबंध फोल्डर बदलून देतें. त्यांतील ‘मॉग्रिफाय’ या आज्ञेशीं मात्र जपून वागावें. तिला निराळा प्रकार किंवा निराळी जागा सांगितली नाहीं, तर ती मूळ चित्रावरच नवें लिहून मोकळी होते! म्हणून आम्ही मूळ चित्रांची दुसरी प्रत आधींच वेगळ्या डिस्कवर ठेविली आणि एकाच पत्रावर प्रयोग केला. गुणवत्तेचा आंकडा ४० ठेवतांच अनुस्वार धूसर झाले. ९० ठेविला तेव्हां स्वच्छ दिसले. तोच कायम केला.

नांवांचाहि एक घोळ असतो. कित्येक साधनें फाइलींचीं नांवें अक्षरक्रमानें लावतात. मग १ च्या पाठोपाठ १० येतें आणि बिचारें २ थेट १९ च्या मागें जातें. पोथीचा क्रम मोडला तर उरलें काय? यास्तव ००१अ, ००१ब अशीं नांवें दिलीं.

प्रत्यक्ष रूपांतर अर्ध्या घटकेंत आटोपलें. मुळाशीं ताडून पाहण्यास मला दोन दिवस लागले. जेपेग प्रती सर्वांकडे रवाना झाल्या. टिफची एक डिस्क माझ्या कपाटांत आहे, दुसरी पुण्यास. परवां इंदुराहून भगिनीचा निरोप आला: “दादा, तिसऱ्या पोथीच्या ४२व्या पत्रावर समासांत कांहीं बारीक लिहिलें आहे, तें लागत नाहीं. मोठी प्रत पाठव.” त्याच सायंकाळीं पाठविली.