तीस सप्टेंबरचा पट

खेड्यांतील सरकारी शाळा कोण चालवितो, असा साधा प्रश्न शहरांतील एखाद्या सुशिक्षित गृहस्थास विचारला, तर तो क्षणाचाहि विलंब न लावतां ‘सरकार’ असें उत्तर देईल. तोच प्रश्न खेड्यांतील शेतकऱ्यास केला, तर तो ‘गुरुजी’ म्हणेल. आणि गुरुजींना विचारावें, तर ते कपाळास हात लावून ‘वरून आलेला कागद’ म्हणतील. गेलीं कांहीं वर्षें आम्ही नगर व बीड ह्या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरील एका डोंगराळ गांवीं राहतों, आणि तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचा संसार जवळून पाहतों. तिन्ही उत्तरें खरीं असून तिन्ही अपुरीं आहेत, असें आमचें मत झालें आहे. ह्या शाळेवर खरी सत्ता चालते ती एका आंकड्याची, आणि त्या आंकड्यास ‘पट’ म्हणतात.

कागदावर ही व्यवस्था मोठी रेखीव आहे. वसंतराव नाईक ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९६१ सालीं जिल्हा परिषदांचा कायदा झाला, आणि १ मे १९६२ पासून परिषदांचा कारभार सुरू झाला. आज जिल्ह्यास शिक्षणाधिकारी, तालुक्यास गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखालीं विस्तार अधिकारी, आणि १९९४ मध्यें निर्माण झालेला दहाएक शाळांवरील केंद्रप्रमुख, अशी ही उतरंड आहे. उतरंडीच्या तळाशीं, म्हणजे सर्व मडक्यांचा भार जेथें येतो त्या जागीं, मुख्याध्यापक असावयाचा. पण लहान शाळेच्या नशिबीं तोहि नसतो. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा प्राथमिक शाळेचा पट १५० च्या वर गेल्याखेरीज तिला स्वतंत्र मुख्याध्यापक देत नाहीं. आमच्या शाळेंत दोन शिक्षक. त्यांतील जो वडील तोच ‘प्रभारी’. तो दोन इयत्ता एकत्र बसवून शिकवितो, तांदळाचीं पोतीं उतरवून घेतो, पहिलीपासून पांचवीपर्यंतच्या प्रत्येक मुलामागें १०० ग्रॅम तांदूळ मोजून देतो, शिजलेल्या भाताची चव घेऊन वहींत नोंद करतो, आणि फळ्याकडे पाठ करून मोबाइलवर माहिती भरतो. निवडणूक आली कीं तिचें कामहि त्याचेंच, कारण कायद्यानेंच ती मुभा ठेवली आहे. वेतन सरकारचें, नेमणूक परिषदेची. बदल्या २०१७ पासून संगणक करतो. त्यापूर्वी त्या माणसें करीत, आणि कशा करीत हें कोणा जुन्या शिक्षकाच्या पत्नीस विचारावें.

आतां पटाविषयीं. शिक्षकांच्या मंजुरीचा हिशेब ३० सप्टेंबरच्या पटावरून होतो. शिक्षणहक्काच्या कायद्याच्या कोष्टकाप्रमाणें साठ मुलांपर्यंत शिक्षक दोन. एकसष्टावें मूल दाखल झालें कीं तिसरा. पोषण आहाराच्या स्वयंपाकास पंचवीस मुलांपर्यंत एक बाई. सव्विसावें मूल आलें कीं दुसरी. शाळेस किरकोळ खर्चासाठीं जें वार्षिक अनुदान मिळावयाचें, त्याची मर्यादा तीस मुलांपर्यंत १०,००० रुपये, आणि एकतिसाव्या मुलास ती एकदम २५,००० वर जाते. वीज, खडू, सतरंजी, शौचालयाची सफाई, गळकें छप्पर, हें सर्व त्यांतूनच. म्हणजे आमच्या गांवांत जन्माला येणारें मूल केवळ मूल नसतें. कोणी पंधरा हजार रुपये घेऊन येतें, कोणी एखाद्या विधवेस दरमहा अडीच हजारांचें मानधन मिळवून देतें, आणि एखादें भाग्यवान मूल तर सबंध मास्तरच कडेवर घेऊन येतें! गुरुजी जून महिन्यांत वाड्यावस्त्यांवरून हिंडूं लागले, म्हणजे त्यांच्या मनांत ही सर्व बेरीज चालूं असते. त्यांना आम्ही हंसत नाहीं. भाजीपाल्याच्या व्यापाऱ्यास जें शोभतें तें शिक्षकास करावयास लावणें ही त्यांची निवड नव्हे.

ह्या आंकड्याविषयीं वरिष्ठांना संशय असावा, ह्यालाहि कारण घडलेलें आहे. कागदावर मुलें दाखवून अनुदानें लाटणाऱ्या शाळा निघाल्या, आणि ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ह्या तीन दिवसांत सबंध महाराष्ट्रांत एकाच वेळीं पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलें जाऊं नये म्हणून मुलांच्या बोटांस, मतदारांच्या लावतात तशी, शाई लावण्यांत आली. मोहीम आवश्यक होती. परंतु ज्या शाळेंत चोरी नव्हती तिच्याहि मुलांच्या बोटांवर ती शाई उमटलीच. आतां शाईची जागा आधार-क्रमांकानें घेतली आहे. मूल वर्गांत मांडी घालून बसलेलें आहे, पाढे म्हणत आहे; पण त्याचें नांव आधार-कार्डाशीं जुळत नसेल तर गणनेंत तें बसलेलें नसतें.

आमच्या भागांत तर ह्या आंकड्यास आणखी एक वळण आहे. ३० सप्टेंबरला पट मोजला जातो, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’; मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फेडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्यांवर पांच-सहा महिने जावें लागतें. मूल बरोबर गेलें तर फडावरच्या कोपींत तें धाकट्या भावंडास सांभाळतें, वाढे बांधतें, आणि चैत्रांत परत येतें तेव्हां वाचावयास विसरलेलें असतें. सप्टेंबरांत चौतीस मुलांनीं भरलेली शाळा एका वर्षीं डिसेंबरांत आम्हीं एकोणीस मुलांची पाहिली. हीं एकोणीस मुलें राहिलीं तीं हंगामी वसतिगृहामुळें. वसतिगृह म्हणजे इमारत नव्हे: मूल आजीपाशीं झोपतें व सकाळसंध्याकाळ शाळेंत जेवतें, एवढाच त्याचा अर्थ. तें चालविण्याचें काम शाळा व्यवस्थापन समितीचें.

ह्या समितीविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे, कारण आम्हीहि तिचे सभासद आहों. ‘शिक्षणतज्ज्ञ’ ह्या भारदस्त नांवाखालीं. कायद्यान्वयें तीनचतुर्थांश सभासद पालक, निम्म्या स्त्रिया, अध्यक्ष पालकांतून, आणि बँकेच्या खात्यावर अध्यक्ष व मुख्याध्यापक ह्या दोघांच्या सह्या. रचना उत्तम. पण आमच्या अध्यक्षीणबाई स्वतःच कोयत्यावर जाणाऱ्या! त्या गेल्या कीं धनादेशावर सही कोणी करावयाची? गेल्या खेपेस ह्यावर बराच खल होऊन अखेर गांवीं राहणाऱ्या एका किराणा दुकानदारास अध्यक्ष केलें. पालकांची सत्ता अशा रीतीनें पुन्हा ज्याचें पोट गांवांतच भरतें त्याच्याकडे गेली, आणि ह्यांत कोणाचा दोष आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

त्याच सभेंतली गोष्ट. वसतिगृहाच्या मंजुरीचा कागद आला नव्हता, आणि गाड्या चार दिवसांवर आल्या होत्या. भिंतीशीं बसलेली एक बाई, जी एरवीं इतिवृत्तावर सही करण्यापलीकडे बोलत नसे, ती म्हणाली, “गुर्जी, कागद येईस्तोवर पोरगं कुठं ठेवू? मुकादमाची गाडी काय कागदासाठी थांबायचीय का?” कोणी उत्तर देईना. मग गुरुजी नव्या अध्यक्षांकडे पाहून म्हणाले कीं, तेल-डाळ उधार द्या, कागद आला नाहीं तर माझ्या पगारांतून धरा. दुकानदारानें वही काढली. मंजुरी डिसेंबरांत आली. तोंवर एकोणीस मुलें त्या वहीवर जेवत होतीं. कायद्याच्या कोणत्या कलमाखालीं ती वही येते, हें आमच्यांतील तज्ज्ञास ठाऊक नाहीं.

खेड्याकडून पैसा घ्यावयाचा आणि हिशेब दुसरीकडे ठेवावयाचा, ही रीत तशी जुनी आहे. मुंबई इलाख्यांत १८६९ च्या लोकल फंडाच्या कायद्यानें शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा घेत, आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठीं असे. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हीच तक्रार मांडली कीं, कर शेतकरी देतो आणि त्याचीं मुलें मात्र शाळेवांचून राहतात. पुढें १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या ताब्यांत दिल्या. बोर्डांनीं शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या पक्षभेदांत ओढल्या, म्हणून खेर मंत्रिमंडळानें १९३८ सालीं कायद्यांत दुरुस्ती करून सरकारचा हात पुन्हा वर आणला. १९६२ सालीं सत्ता पुन्हा खालीं आली. आणि २०२२ मध्यें बहुतेक परिषदांची मुदत संपल्यावर निवडणुका न झाल्यानें तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच सर्व कांहीं होते. विहिरीच्या रहाटासारखी ही सत्ता वरखालीं होत आली आहे, आणि प्रत्येक खेपेस वर ओढणाऱ्यापाशीं सबळ कारण होतें, हें कबूल केलें पाहिजे.

आमचे शहरांतील स्नेही म्हणतात कीं, बारा मुलांना दोन शिक्षक हा अपव्यय आहे. अशा शाळा मिटवून एक मोठी शाळा करा, बस ठेवा, प्रयोगशाळा द्या. २०२३ च्या सप्टेंबरांत सरकारनेंहि समूह शाळांची ही कल्पना पुढें मांडली. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा तेव्हां राज्यांत चौदा हजारांहून अधिक भरल्या होत्या. त्यांचें गणित चुकीचें नाहीं. चार मुलांच्या वर्गांत मुलाला खेळगडी मिळत नाहीं, हेंहि आम्ही रोज पाहतों. ज्यांचे आईबाप घरीं आहेत त्या मुलांना बस आनंदानें नेईल. पण आमच्या एकोणीस मुलांना पहाटे उठवून रस्त्यापर्यंत पोंचविणार कोण? सत्तर वर्षांच्या, मोतीबिंदू झालेल्या आज्या? शाळा हाकेच्या अंतरावर आहे, आणि तेथें दोन वेळां जेवण आहे, म्हणून आजी नातवंडाचा भार पत्करते. शाळा दोन कोसांवर गेली तर तें मूल बसमध्यें न चढतां मुकादमाच्या गाडींत चढेल. ज्यांच्या मुलांना फडावर जावयाचें नसतें त्यांनीं काढलेल्या सरासरींत ही आजी कोठेंच दिसत नाहीं.

हें लिहीत असतां ३० सप्टेंबरास आठ दिवस उरले आहेत. हजेरीपटावर यंदा एकतीस नांवें आहेत. त्यांपैकीं तीस जुळलीं. एकतिसावी मुलगी तिसरींत आहे. तिच्या आधार-कार्डावर नांवाची वेलांटी चुकली असून जन्मसाल तर दोन वर्षांनीं मागें गेलें आहे. बापानें उचल घेतलेली आहे, आणि मुलीस ठेवावयाचें कीं न्यावयाचें ह्याचा घरांत निर्णय व्हावयाचा आहे. गुरुजींनीं सोमवारची किरकोळ रजा टाकली आहे. मुलीस व तिच्या आजीस मोटारसायकलवर बसवून ते तालुक्याच्या केंद्रावर जाणार आहेत. तेथें सकाळीं आठाच्या आंत रांगेंत उभें राहिल्यास त्याच दिवशीं काम होतें, असें ऐकिवांत आहे. त्या दिवशीं पांचहि इयत्ता दुसऱ्या बाईंकडे राहतील.