घरच्या खुराड्यात कडकनाथ

आमचं घर अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला. भातशेती, दोन गाई आणि आत्यांच्या गावरान कोंबड्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. कोंबड्यांचं सगळं त्यांच्याकडेच असायचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ह्यांचं पुण्यातलं काम सुटलं आणि आम्ही गावी आलो. तेव्हा कडकनाथ पाळायचं डोक्यात आलं.

घरात सगळ्यांनी आधी नाहीच म्हटलं. कारण २०१९ चं प्रकरण ताजं होतं. सांगली-कोल्हापूरकडे कंपन्यांनी शेतकऱ्यांना करारावर पिल्लं दिली, अंडी आणि पक्षी चढ्या भावाने परत घेऊ असं सांगितलं, आणि पुढे सगळी साखळी कोसळली. हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. तेव्हापासून कडकनाथ म्हटलं की लोक फसवणूकच समजतात. पण त्यात कोंबडीचा काय दोष? मला शेड नको होती आणि करारही नको होता. दहा-वीस पक्षी घरी ठेवायचे, त्यांच्यापासून पिल्लं काढायची आणि जात चोख ठेवायची, एवढंच मनात होतं. आमच्याच तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं घरात जपून दाखवलंय. कोंबडीची जातही अशीच घराघरात जपली तर टिकेल असं मला वाटायचं, अजूनही वाटतं.

कडकनाथ म्हणजे पिसांपासून मांसापर्यंत काळी कोंबडी, मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूरकडची. भिल्ल, भिलाला लोक ती पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. तिकडे तिला कालामासी म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि मागणी वाढली. मागणी वाढली तशी भेसळही वाढली.

२०२१ च्या जानेवारीत पिल्लं आणायची ठरलं होतं. तेवढ्यात बर्ड फ्लू आला. आपल्याकडे परभणीत आला, तिकडे झाबुआतल्या कडकनाथांमध्येही आला. आम्ही थांबलो. साथ ओसरल्यावर जवळच्या एका विक्रेत्याकडून पिल्लं घेतली. काळी कुळकुळीत दिसत होती. दोन महिन्यांत काहींचे पाय पिवळट निघाले, चोच उघडली तर जीभ गुलाबी. विक्रेता म्हणाला, मोठी झाली की काळी होतील. झाली नाहीत. ती आम्ही गावरान म्हणूनच विकली.

ह्यात एक गोष्ट पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. काळेपणाचा हा गुण आईकडून किंवा बापाकडून, एकाच बाजूने आला तरी पिल्लात उतरतो. त्यामुळे गावरानाशी संकर झालेलं पिल्लूही बरंच काळं दिसतं. नुसती पिसं बघून घेऊ नका. उलट, जातिवंत कडकनाथमध्ये पिसांवर सोनेरी किंवा पांढरट रेघा असलेले पक्षीही असतात. बघायचं ते तुरा, जीभ, टाळू, पायाचे तळवे. एक दिवसाचं पिल्लू निळसर काळं असतं आणि पाठीवर गडद पट्टे दिसतात. जमलं तर पिल्लाचे आईबाप बघूनच पैसे द्या. रक्त काळं असतं असं सांगणारे भेटतात. मांस आणि हाडं काळपट असतात, रक्त लालच.

मग झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राकडे नाव नोंदवलं. तिथे उबवणी केंद्र आहे. नंबर लागायला वेळ लागला. पिल्लं आणली ती नेमकी थंडीत. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो, त्यावर ते दोन दिवस दाणापाण्याविना राहू शकतं. म्हणून एवढा लांबचा प्रवास झेपतो. घरी आल्या आल्या आधी पाणी दाखवायचं, दाणा नंतर. कोमट पाण्यात थोडा गूळ घातला आणि एकेकाची चोच त्यात बुडवली. एकानं पाणी प्यायलं की बाकीची शिकतात. पाण्याच्या ताटलीत खडे टाकले, नाहीतर पिल्लं त्यात उतरून भिजतात आणि गारठून मरतात. दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा दिला. प्रवासात काहींच्या मागच्या बाजूला विष्ठा चिकटून वाळली होती. ती कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून काढावी लागते. ओढून काढली तर कातडी फाटते, तशीच ठेवली तर पिल्लू मरतं.

ऊब देण्यासाठी साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब लागतो. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. आमच्या बाजारात पिवळा बल्ब मिळेनासा झालाय. शेवटी संगमनेरहून चार-पाच आणून ठेवले, कारण तो रात्री-बेरात्री जातो. साधारण दर पिल्लामागे दोन वॅट धरायचे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश तापमान हवं, पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करत जायचं. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लंच नीट सांगतात. बल्बखाली गर्दी करून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय. लांब पळून चोच उघडी टाकून बसली तर उकडतंय. सगळीकडे विखुरलेली, काही खातायत, काही झोपलीत, असं दिसलं तर ठीक.

आम्ही त्यांना लाकडी खोक्यात ठेवलं होतं. एका रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. थंडीनं सगळी पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली. सकाळी खालची मेलेली होती. मी ती मोजली नाही, ह्यांनीच नेऊन पुरली. दोन दिवस मला त्या खोलीत जाववत नव्हतं. आत्याच दाणा टाकत होत्या.

त्यानंतर पत्र्याचं गोल कडं केलं. गोल असलं की कोपरा राहत नाही आणि पिल्लं चेंगरत नाहीत. बल्ब इन्व्हर्टरवर घेतला. शिवाय दोन कॅन कायम तयार ठेवले. वीज गेली की त्यांत कढत पाणी भरायचं, गोणपाट गुंडाळायचं आणि कड्याच्या मधोमध ठेवायचे. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, त्यातल्या विषारी वायूने पिल्लंही जातात आणि माणसालाही धोका असतो. खाली भाताचा तूस आणि त्यावर पहिले दोन-तीन दिवस गोणपाट. नुसता वर्तमानपत्राचा कागद गुळगुळीत असतो, त्यावर पाय घसरून पिल्लं फेंगडी होतात.

लसीचं काम छोट्या पाळणाऱ्याला अवघड जातं, कारण आमच्याकडे मिळते ती कुपी शंभर डोसांची आणि पिल्लं असतात वीस. उरलेली ठेवता येत नाही, विरघळवलेली लस दोन तासांत संपवावी लागते. म्हणून मी वाडीतल्या बायकांना एकत्र केलं. सगळ्यांनी पैसे काढायचे, एकाच सकाळी सगळ्यांच्या कोंबड्यांना लस. कुपी दवाखान्यातून बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणायची. आमच्या डॉक्टरांनी दिलेलं वेळापत्रक असं होतं: सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे राणीखेतची पहिली लस, डोळ्यात एक थेंब, चौदाव्या दिवशी गंबोरो, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्याच्या सुमारास देवीची लस आणि आठव्या आठवड्यात राणीखेतची मोठी लस. तुमच्याकडे दिवस थोडे इकडेतिकडे असू शकतात, आपल्या डॉक्टरांना विचारा. आजारी पक्ष्याला लस देऊ नका. पुढच्या उन्हाळ्यात वरच्या वाडीत मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली. माना पिळवटलेल्या, हिरवी हगवण, खुराडीच्या खुराडी रिकामी झाली. लस घेतलेल्या आमच्या घरांमध्ये साथ शिरली नाही. तेव्हापासून बायका स्वतःहून विचारतात, पुढची कुपी कधी आणायची.

आमच्याकडचा पाऊस मोठा. पावसाळ्यात तूस ओला झाला की रक्ती हगवण होते. विष्ठेत रक्त दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, ते पाण्यातून औषध देतात. पण खरं औषध कोरडी जागा. आम्ही खुराडं जमिनीपासून कमरेएवढं उचललं. त्यामुळे मुंगसाचाही त्रास कमी झाला.

सहा महिन्यांच्या सुमारास तलंगा अंड्यावर आल्या. अंडं काळं नसतं, फिक्कट तपकिरी असतं आणि लहान असतं. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कडकनाथचे जे आकडे दिलेत, त्यात वर्षाला साधारण १०५ अंडी आणि फलित अंड्यांचं प्रमाण ५५ टक्के आहे. शंभरातली पंचेचाळीस अंडी पिल्लू देणारच नाहीत, हे धरूनच चालायचं. हे आधी माहीत असलं म्हणजे निराशा कमी होते.

दुसरी अडचण म्हणजे कडकनाथ कोंबडी सहसा खुडूक बसत नाही. अंडं घालते आणि निघून जाते. आम्ही छोटं उबवणी यंत्र घेतलं. ३७.५ अंश तापमान, दिवसातून तीन-चार वेळा अंडी फिरवायची, अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद करून ओलावा वाढवायचा. यंत्राचा आकडा आणि आत ठेवलेल्या थर्मामीटरचा आकडा जुळत नव्हता, आणि वीज जायची ती जायचीच. पिल्लं निघाली, पण थोडी.

तेव्हा आत्या म्हणाल्या, "माझी लाल कोंबडी खुडूक झालीय. तिच्याखाली ठेव की."

आत्यांनी डालग्यात पेंढा घातला, उवा होऊ नयेत म्हणून राख आणि कडुलिंबाचा पाला टाकला. तिन्हीसांजेला अंधार पडल्यावर अंडी तिच्याखाली सरकवली. दिवसा ठेवली तर कोंबडी बिथरते. गावरान कोंबडीखाली दहा-बारा अंडी बसतात, जास्त ठेवली तर कडेची थंड पडतात. आत्यांनी मेघगर्जनेने अंडी नासू नयेत म्हणून लोखंडाचा तुकडाही ठेवला. मी काही बोलले नाही, त्यांच्या हाताला यश आहे. सातव्या दिवशी रात्री मोबाइलची टॉर्च लावून अंडी बघितली. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, स्वच्छ दिसलं तर काढायचं. एकविसाव्या दिवशी काळी पिल्लं त्या लाल कोंबडीच्या पंखाखालून डोकावायला लागली. तिला रंगाचं काही नव्हतं. बल्ब नको, इन्व्हर्टर नको, रात्री उठणं नको. घार दिसली की तिच्या एका आवाजात सगळी पोटाखाली. घरच्या पुरतं पाळणाऱ्यानं यंत्राआधी दोन चांगल्या खुडूक बसणाऱ्या गावरान कोंबड्या सांभाळाव्यात, असं माझं ठाम मत झालंय.

जात चोख ठेवण्याची खरी परीक्षा त्यानंतर झाली. शेजारचा गावरान कोंबडा कुंपणावरून आत आला आणि दुपारभर आमच्या कडकनाथ कोंबड्यांत होता. मला वाटलं, त्याला हाकललं की संपलं. डॉक्टरांनी सांगितलं, कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. तेवढे दिवस घातलेल्या अंड्यांतून कोणाचं पिल्लू निघेल सांगता येत नाही. नेमकी तेव्हा आत्यांची कोंबडी खुडूक झाली होती. मन फार ओढत होतं. तरी महिनाभराची सगळी अंडी खायला आणि विकायला काढली, एकही बसवलं नाही. नंतर वरूनही जाळी मारली. शेजाऱ्यांशी भांडण केलं नाही. कोंबडा बांधून कोण ठेवतो?

कोंबडा बदलण्याचं महत्त्व पुढच्या वर्षी कळलं. तेच भाऊबहीण एकमेकांत राहिले तर पिल्लं कवचातच मरायला लागतात, निघालेल्यांची बोटं वाकडी असतात. आमच्याकडे ते दिसायला लागलं. मग संगमनेरकडच्या एका पाळणाऱ्याशी ठरवलं की दर वर्षी कोंबडे अदलाबदल करायचे. त्यांचीही कोंबडी झाबुआकडचीच, पण वेगळ्या घरातली. आठ कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. प्रत्येक वर्षाच्या पिल्लांच्या पायात वेगळ्या रंगाचं प्लॅस्टिकचं कडं घालते आणि वहीत लिहिते. वही नसेल तर दोन वर्षांत कोण कोणाचं कळत नाही.

पैशाचं सांगायचं तर श्रीमंत कोणी होत नाही. कंपन्यांच्या काळात पन्नास रुपयांचं अंडं ऐकलं होतं, तो भाव आमच्याकडे कधी मिळाला नाही. गावरानापेक्षा थोडं जास्त मिळतं आणि घेणारी ठरावीक माणसं आहेत. पिल्लांत निम्मे कोंबडे निघतात, ते सगळे ठेवता येत नाहीत. ते विकायच्या दिवशी मी शेतात जाते. देणं-घेणं आत्या करतात.

आता उबवायला अंडी मागणारे येतात. त्यांना आठवड्याच्या आतलीच अंडी देते. धुवायची नाहीत, टोक खाली करून थंड जागी ठेवायची, गाडीवरून नेली तर एक दिवस स्थिर ठेवून मगच बसवायची. आधी खुडूक कोंबडी तयार आहे का ते विचारते. नसेल तर नंतर या म्हणते.

यंदाचा कोंबडा संगमनेरहून पुढच्या महिन्यात येईल. त्याला पहिले तीन आठवडे गोठ्यामागच्या पिंजऱ्यात एकटं ठेवणार, विष्ठा आणि श्वास रोज बघणार, त्याला वेगळं भांडं, आणि त्याला दाणा टाकायचं काम सगळ्यात शेवटी. त्याच्या पायातलं कडं हिरवं असेल, हे आताच वहीत लिहून ठेवलंय.