मांडी आणि खुर्ची

आजोबा होणें ही गोष्ट माणसाच्या कर्तृत्वावर अवलंबून नसते. तरीहि आजोबा झाल्यावर त्याला जो अभिमान वाटतो, तो मात्र स्वकष्टार्जित संपत्तीसारखा असतो. या संपत्तींत सर्वांत मोलाची वस्तु कोणती, असें मला कोणीं विचारलें असतें, तर २०२३ सालच्या कार्तिकापर्यंत मीं बेधडक 'मांडी' असें उत्तर दिलें असतें. नातवंडानें येऊन बसावें, गोष्ट ऐकतां ऐकतां पेंगावें, आणि आपला पाय बधिर झाला तरी आपण हलूं नये, या सुखाची ज्याला ओळख आहे त्याला अधिक सांगणें नको. पण त्या कार्तिकांत माझ्या मुलीनें इंग्लंडहून फोनवर एक साधा प्रश्न विचारला, आणि माझ्या या संपत्तीच्या किंमतीविषयीं मला प्रथमच शंका आली.

डिसेंबरांत ती, जांवई आणि दोन मुलें तीन आठवड्यांसाठीं पुण्यास यावयाचीं होतीं. नात सहा वर्षांची, आणि नातू तोंपर्यंत चौदा महिन्यांचा व्हावयाचा होता. भाड्याची मोटार करून सर्वांनीं चार दिवस गुहागरास जावें, असा बेत ठरला होता. समुद्राजवळच्या एका घरीं उतरण्याची सोय मीं करून ठेविली होती. उकडीच्या मोदकांची वर्दीहि दिली होती. मुलीचें म्हणणें एवढेंच होतें, "बाबा, मोटारवाल्याकडे मुलांच्या सीट आहेत का, तेवढें विचारून ठेवा. धाकट्याला मागं तोंड करून बसवायची एक, आणि थोरलीला उंच पाठीची एक."

पत्नी शेजारींच मटार सोलीत बसली होती. तिनें मान वर केली आणि म्हणाली, "खुर्च्या कशाला? मी आहे ना!"

'मी आहे ना' या तीन शब्दांत आमच्या पिढीचें सारें प्रवासशास्त्र सामावलेलें आहे. आमचीं मुलें एस्. टी. त मांडीवर वाढलीं, रिक्षांत मांडीवर वाढलीं, आणि स्कूटरवर तर हँडल व बापाचे गुडघे यांच्यामध्यें उभीं राहून वाढलीं. मी पत्नीच्या बाजूनें कांहीं बोलणार, तोंच पडद्यावर दिसणाऱ्या मुलीनें आपल्या हनुवटीवरून हात फिरविला. ती तिची लहानपणापासूनची लकब आहे, आणि तिचें कारण मला ठाऊक आहे. तिच्या हनुवटीखालीं दोन टांक्यांचा एक व्रण आहे. १९९१ सालच्या पावसाळ्यांत ती चार वर्षांची असतांना माझ्या स्कूटरवर पुढें उभी होती. एक कुत्रें आडवें आलें, मीं ब्रेक दाबला. आम्ही पडलों नाहीं, स्कूटरहि कलंडली नाहीं. मी दोन्ही गुडघ्यांनीं तिला घट्ट धरून होतों. तरी तिची हनुवटी हँडलवर आपटली. डॉक्टरांनीं टांके घातल्यावर तिला गोळ्या दिल्या आणि तिनें त्यांतली एक कंपाउंडरला देऊं केली, ही गोष्ट मी तीस वर्षें पाहुण्यांना हंसत हंसत सांगत आलों होतों. त्या दिवशीं मात्र ती मला हंसण्यासारखी वाटली नाहीं.

अधिक लाजेची गोष्ट अशी कीं, मी आयुष्यभर शाळेंत विज्ञान शिकविलें आहे. धांवती बस एकाएकीं थांबली कीं उतारू पुढें कां झुकतो, हा प्रश्न मीं किती मुलांना घातला असेल याची गणती नाहीं. 'जडत्वामुळें' असें उत्तर आलें कीं मी पूर्ण गुण देत असें, आणि सायंकाळीं माझ्याच मुलीला स्कूटरवर पुढें उभी करून मंडईंत जात असें! त्या रात्रीं मीं कागद-पेन्सिल घेऊन बसलों. मोटार तासाला ५० किलोमीटर वेगानें जात आहे; म्हणजे सेकंदाला सुमारें १४ मीटर. हा वेग अंगीं येण्यासाठीं वस्तु जवळजवळ १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडावी लागते. ही मोटार कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्शांत थांबली असें धरलें, तर दहा किलोचें मूल त्या क्षणीं सुमारें १४० किलोच्या ओढीनें हातांतून निसटूं पाहतें. प्रत्यक्ष आघातांत थांबण्याचा वेळ याहूनहि कमी असूं शकतो. आजीच्या हातांत माया कितीहि असो, दीड क्विंटलचें पोतें कोणत्या आजीनें आजवर पेललें आहे? मीं कागद पत्नीपुढें ठेवला. तिनें तो पाहिला आणि म्हटलें, "तुमचें गणित बरोबर असेल, पण ड्रायव्हर सावकाश चालवील." यावर गणित निरुत्तर होतें.

दुसऱ्या दिवशीं मीं भाड्यानें मोटारी देणाऱ्या तिघांकडे फोन केले. पहिला गृहस्थ उदार होता. "लहान आहेत ना? मग मांडीवर बसतील. त्यांचं वेगळं भाडं आम्ही घेत नाहीं." दुसऱ्याला मीं कायदा सांगून पाहिला. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा त्याच्यासाठीं असलेलें आसन याविना नेलें, तर एक हजार रुपये दंड आहे. तो म्हणाला, "साहेब, मागं कोण बघतं?" तिसऱ्याकडे मात्र एक खुर्ची होती, म्हणून मी मोठ्या आशेनें पाहावयास गेलों. ती गोदामांत जुन्या टायरांवर ठेविली होती. तिच्यावर कसलीच चिठ्ठी उरलेली नव्हती, पट्ट्याचें कुलूप कोणा मुलाच्या सरबतानें चिकट झालेलें होतें, आणि ती पूर्वीं एखाद्या अपघातांतून गेली आहे कीं काय, हें मालकालाहि सांगतां येईना. अशी खुर्ची दिसावयास धड असली तरी आंतून तडकलेली असूं शकते. म्हणून जिचा इतिहास ठाऊक नाहीं ती वापरूं नये, असा नियम आहे. मीं आभार मानले आणि परत आलों.

आतां तीन मार्ग उरले: खुर्च्या इंग्लंडहून आणाव्या, येथें विकत घ्याव्या, किंवा बेतच रद्द करावा. तिसरा मार्ग बोलून दाखविण्याची कोणाची छाती नव्हती. थोरलीची खुर्ची हलकी होती. मोटारीचाच पट्टा मुलाच्या खांद्यावरून आणि कमरेच्या हाडावरून नीट जावा, मानेवर किंवा पोटावर येऊं नये, एवढेंच तिचें काम. इंग्लंडांत मूल बारा वर्षांचें किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचें होईपर्यंत असें आसन लागतेंच. ही खुर्ची विमानांतून आणण्याचें ठरलें. धाकट्याची मात्र जड होती, शिवाय तिचा पाया त्यांच्या मोटारींत बसविलेला. तेव्हां ती मीं येथें घ्यावी असें ठरलें, आणि या वयांत मी पुन्हा विद्यार्थी झालों.

लहान मुलाला मागें तोंड करून कां बसवावयाचें, हा माझा पहिला धडा. नवजात मुलाचें डोकें त्याच्या लांबीच्या सुमारें चौथा हिस्सा असतें. मोठ्या माणसाचें उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढें. तें जड डोकें पेलणारी मान अजून कोंवळी, मणके पुरते न जुळलेले. पुढें तोंड असलेलें मूल धक्का बसतांच पट्ट्यानें अडतें, पण डोकें पुढें झेपावतें आणि सारा ताण मानेवर येतो. तोंड मागें असेल तर तोच धक्का पाठ, मान आणि डोकें यांवर सारखा वांटला जातो आणि खुर्ची तो झेलते. ही युक्ति स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांची. अमेरिकेच्या जेमिनी यानांतील अंतराळवीरांचीं आसनें पाहून त्यांना ती सुचली, आणि १९६४ सालीं त्यांनीं अशा खुर्चीचा पहिला नमुना तयार केला. त्याच देशांतील नील्स बोलीन यांनीं १९५९ मध्यें तीन ठिकाणीं अडकणारा पट्टा सिद्ध केला होता. तिकडे मुलांना चार वर्षांपर्यंतहि मागें तोंड करूनच बसवितात. अंतराळवीराला जें आसन लागतें, तें माझ्या नातवाला चिपळूणच्या रस्त्यावर लागावें, यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं, हें मला पटलें.

लष्करांतील एका दुकानांत विक्रेत्यानें मला प्रथम रंग दाखविले आणि मग पेला ठेवण्याची खळगी दाखविली. मीं नारिंगी चिठ्ठी शोधली. तिच्यावर वर्तुळांत 'ई' हें अक्षर असलें कीं खुर्ची युरोपीय कसोटीला उतरलेली असते. नव्या नियमांत मूल वजनावरून न मापतां उंचीवरून मापतात, आणि निदान पंधरा महिने उलटेपर्यंत त्याचें तोंड मागेंच ठेवावें लागतें. पण खुर्ची उत्तम असून भागत नाहीं. ती त्या विशिष्ट मोटारींत बसली पाहिजे. म्हणून मीं मोटारवाल्यास गाडी आधीं पाहूं देण्याची गळ घातली. पहिल्या गाडींत पट्टा खुर्चीला वळसा घालतांना चार बोटें अपुरा पडला. दुसरी मोठी होती, पण तिच्या मागच्या पट्ट्यांचीं कुलुपें मखमली आवरणाखालीं कायमचीं गाडलेलीं. आवरण काढविलें, तेव्हां पाठ आणि बैठक यांच्या फटींत हाताला दोन लोखंडी कड्या लागल्या. खुर्ची थेट गाडीच्या सांगाड्याला जोडतां यावी म्हणून त्या असतात. त्या पद्धतीला आयसोफिक्स म्हणतात. मालकाला त्यांचा पत्ताच नव्हता! चालक सज्जन होता. "बाळाला पुढंच ठेवा कीं, रस्ता दिसेल," असें त्यानें सुचविलें. पुढच्या बाजूला अपघाताच्या वेळीं फुगणारी पिशवी असते, आणि ती मागें तोंड केलेल्या खुर्चीच्या पाठीवर आदळली तर रक्षणाऐवजीं घात करते, हें मीं त्याला समजाविलें. त्यानें तें लक्षपूर्वक ऐकून घेतलें. त्यालाहि एक लहान मुलगी आहे, असें तो म्हणाला.

निघण्याच्या दिवशीं पहांटे कडाक्याची थंडी होती. पत्नीनें नातवाला दोन स्वेटर आणि कानटोपी चढविली होती. मुलीनें स्वेटर उतरविले, कारण जाड कपड्यावर घट्ट वाटणारा पट्टा आघाताच्या वेळीं सैल ठरतो. पट्टा इतका आवळावा कीं खांद्याजवळ तो चिमटींत धरतां येऊं नये. मग त्यावरून आजीची शाल पांघरली. नातवानें कात्रजचा बोगदा येईपर्यंत आकांत केला. पत्नी त्याच्या शेजारीं बसली होती. तिचे हात दोनदां पुढें झाले आणि दोनदां मागें आले. ती कोणाशींच बोलेना. मला वाटूं लागलें कीं, हें सारें शास्त्र खरें असलें तरी निष्ठुर आहे. खेड शिवापूरच्या पुढें मुलीनें गाडी थांबविली, त्याला काढून आजीच्या मांडीवर दिलें, वीस मिनिटें खेळूं दिलें आणि पुन्हा बसविलें. गाडी उभी असली कीं मांडी, चालूं लागली कीं खुर्ची, असा तह झाला. कऱ्हाड येईपर्यंत एक गंमत ध्यानांत आली. नातवाचें तोंड मागें असल्यामुळें तो आजीकडेच पाहत होता. दोघांचा लपंडाव रंगला.

पाटण, कोयनानगर मागें टाकून आम्ही कुंभार्ली घाटांत उतरूं लागलों. एका वळणावर बंद पडलेला ट्रक उभा होता. चालकानें ब्रेक दाबला. वेग मुळींच फार नव्हता. कोणाला खरचटलेंहि नाहीं. फक्त आमच्यामध्यें ठेविलेला बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा उडाला आणि पुढच्या आसनाच्या लोखंडी बाजूवर आदळून खालीं पडला. पत्नीचे दोन्ही हात नातवाकडे झेपावले होते, पण पोंचले ते सारें संपल्यावर. तो होता तसाच बसलेला होता, आणि हा खेळ पुन्हा व्हावा म्हणून हंसत होता.

पत्नीनें डबा उचलला. त्याचा कोंपरा चेपला होता. त्या खळग्यावरून तिनें कांहीं वेळ बोट फिरविलें, आणि मग मुलीला हळूच म्हणाली, "त्याचा पट्टा एकदां बघ ग, सैल नाहीं ना झाला?"

गुहागरास सायंकाळीं आम्ही वाळूवर बसलों होतों. नातू माझ्या मांडीवर झोंपला होता आणि पाय बधिर होऊनहि मी हललों नव्हतों. नातीनें आईच्या हनुवटीवरच्या खुणेबद्दल विचारलें. मीं स्कूटरची गोष्ट सांगितली. पण या वेळीं गोळ्यांचा विनोद गाळला आणि "चूक माझी होती," असें शेवटीं म्हटलें. मुलगी समुद्राकडे पाहत होती. "बाबा, तेव्हां कुठं होत्या हो खुर्च्या?" ती म्हणाली. तिनें मला माफ केलें, कीं माफ करण्यासारखें कांहीं नव्हतेंच असें तिला वाटलें, हें मीं विचारलें नाहीं.

मुलें परत गेलीं. खुर्ची आमच्या कपाटावर आहे. पत्नीनें तिच्यावर आपलें जुनें लुगडें घातलें आहे. शेजारच्यांनीं ती चार दिवसांसाठीं मागितली, तेव्हां तिनें आधीं त्यांच्या नातीची उंची विचारली, आणि मग गाडी कोणती, हें विचारलें.