आधी मान पाहावी, मग पराणी

बैल चालेनासा झाला की वडील आधी त्याच्या मानेवरून हात फिरवीत. जू लागून खांदा सुजला असेल, तर पराणी टोचून काय उपयोग? ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र हे शहाणपण मी विसरलो.

२०२२च्या जुलैत पवनीकडच्या आमच्या बांध्यांत चिखलणी चालू होती. पऱ्हे २५ दिवसांचे झालेले, रोवणीच्या बाया ठरलेल्या. जुन्या ट्रॅक्टरचे पॉवर स्टेअरिंग आठवडाभर जड लागत होते. आपण फिरवावे आणि चाकांनी मागाहून सावकाश वळावे. ‘रोवणी आटोपली की पाहू,’ म्हणत मी चालवीत राहिलो. एका संध्याकाळी मामा तलावाच्या पाळीवर पुढची चाके वेळेवर वळलीच नाहीत. ट्रॅक्टर अगदी कडेला थांबला. मडगार्डवर धाकटा मुलगा बसला होता. तो खाली उतरला तरी माझे हात थरथरत होते.

‘पंप गेला,’ असे जो तो म्हणाला. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले पैसे पत्नीने मुकाट्याने पुढे केले. पण गावचे म्हातारे मिस्त्री म्हणाले, “भाऊ, पैसे मंग काढा. पयले चाक हातानं फिरवून पाहू.”

सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावले, पुढचा भाग जॅकने उचलून खाली भक्कम ओंडके दिले. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंगच्या सिलिंडरचा दांडा सोडवला. तरी चाके हाताने वळेनात! म्हणजे अर्धा दोष किंगपिनचा. चिखलपाण्याने तिथले ग्रीस धुऊन गेले होते. काळा गाळ बाहेर येईपर्यंत नवे ग्रीस भरले, चाके मोकळी झाली. मग दांडा पुन्हा जोडला.

स्टेअरिंगच्या तेलाची टाकी उघडली, तर तेल कमी आणि वर फेस. तेल दबत नाही, हवा दबते. तेलात हवा शिरली की पंपाचा जोर चाकांपर्यंत पुरता पोचत नाही. टाकीतून पंपाकडे तेल ओढणाऱ्या नळीची क्लिप ढिली होती. अशा जागी पंप चालताना हवा आत ओढली जाते, म्हणून दोष बाहेरून सहसा दिसत नाही. नळी व क्लिप बदलली, गाळणी साफ केली, माहितीपुस्तकात सांगितलेलेच तेल भरले. इंजिन मंद ठेवून फेस जाईपर्यंत स्टेअरिंग दोन्ही बाजूंना सावकाश फिरवले आणि मधूनमधून तेलाची पातळी पाहिली. टोकाला नेऊन दाबून मात्र धरायचे नाही, तेल तापते.

दुसऱ्या दिवशी चिखलणी त्याच पंपावर झाली. मुलीची फीही वेळेवर भरली. स्टेअरिंग जड वाटले तर आधी पुढच्या टायरांतली हवा, ग्रीस, तेल, नळ्या पाहाव्यात, पंप शेवटी. आणि पाहणे उद्यावर टाकू नये. आमच्या मडगार्डवर आता कोणी बसत नाही.